बसमध्ये जमवलेली मुलगी

तुम्हाला हे सगळं सुचतं कुठून, असं लोक मला हल्ली विचारतात. मी म्हणतो, बसमध्ये. त्यांना वाटतं म्हातारा टाळतोय. टाळत नाही. घरात बसून मला आजवर एक ओळ सुचलेली नाही. घरात भिंती आहेत आणि एका भिंतीवर आमच्या हिचा फोटो आहे. फोटोला हार आहे. त्याच्यावर गोष्ट होत नाही.

माझी शाळा चौथीत संपली. पुढं बिबवेवाडीत पिठाची गिरणी चालवली, गुडघे गेले तेव्हा ती भाड्यानं दिली. गिरणी खाली, मी वर. असा माणूस गोष्टी लिहितो म्हटल्यावर काहींना हसू येतं. येऊ दे. त्या हसणाऱ्यांपैकी कोणाच्या गोष्टीला मला मिळाली तशी दाद मिळालेली मला माहीत नाही. ती कशी मिळाली तेच सांगायला बसलोय.

गिरणीत माणसं डबा ठेवून थांबतात. दळण होईपर्यंत हाताला काम नसतं, म्हणून तोंड चालतं. जात्याच्या आवाजात हळू बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे घरातली भांडणंसुद्धा ओरडून सांगावी लागतात. मी सगळं ऐकायचो आणि संध्याकाळी अंगावरचं पीठ झटकून वर आलो की हिला सांगायचो. आहे तसं सांगण्यात मजा नाही. मी थोडं लावून सांगायचो. एखादी सून एक वाक्य बोलली असेल तर मी तिला तीन द्यायचो. ही समोर भाजी निवडत ऐकायची आणि बरोबर मी लावलेल्या जागी तिचा हात थांबायचा.

"हे खोटं."

"तुला काय माहीत? तू होतीस का खाली?"

"नव्हते. पण ती असं बोलणार नाही. तिची चप्पल कशी होती म्हणालात?"

"अंगठा तुटलेली. पिन लावलेली."

"मग? पिन लावलेल्या चपलेत दळणाला येणारी बाई सासूला तोंडावर बोलत नाही. घरी जाऊन भांडी आपटते. पुढं सांगा."

असा आमचा संसार झाला. मी लावायचं आणि तिनं काढायचं. मला एकदा, फक्त एकदा, तिच्या हातून निसटेल असं सांगायचं होतं. जमलं नाही. शेवटी दवाखान्यात मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, डॉक्टर म्हणाले दोन-चार दिवसांत घरी जायचं. डोळे मिटलेलेच होते तिचे. म्हणाली, "हे खोटं." बाकी सगळ्या थापा पकडल्या तरी चाललं असतं. ती एक तिनं सोडायला हवी होती.

ती गेल्यावर मी संध्याकाळी वर यायचो आणि तोंड उघडून मिटायचो. सांगायचं कोणाला? मुलगी कात्रजला असते, तिला तिचा संसार आहे. ती म्हणाली, "बाबा, घरात बसून राहू नका, बाहेर पडत जा." म्हणून ज्येष्ठांचा पास काढला आणि बसमध्ये बसायला लागलो. आधी मुलीकडं कात्रजला. मग तिथून जी बस समोर येईल ती. ज्याला कुठंच पोचायचं नसतं त्याला सगळ्या बस चालतात.

लिहिणं तिथं सुरू झालं. खिडकीशी बसून बघितलेलं डोक्यात जड व्हायला लागलं, ते उतरवायला कागद लागला. शुद्धलेखनाचं मला काही सांगू नका, ते माझ्याकडं नव्हतंच कधी. पण लिहायला लागलो की घरात माणसं यायची. कोणी दार आपटायचं, कोणी चहाला नाही म्हणायचं. लिहून थांबलो की परत मी आणि खालची घरघर.

पहिल्या काही गोष्टी मी बागेतल्या बाकावर आमच्या एका मित्राला वाचून दाखवल्या. तो बसवर कंडक्टर होता, निवृत्त झाला तरी त्याला सगळे कंडक्टरच म्हणतात. बोलणं तिकिटाएवढं. पहिली गोष्ट ऐकून म्हणाला, "हा माणूस तुम्हीच आहात. मिशा लावल्यात फक्त." दुसरी ऐकून म्हणाला, "ही बाई पण तुम्हीच." तिसरीत एक कुत्रं होतं. त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं.

त्याचं चुकत नव्हतं. माणूस दुसरा लिहायला जायचो आणि आतून मीच निघायचो, बायको गेलेला, बिनसाखरेचा चहा ढवळत बसलेला. मग मी ठरवलं, आता एकच लिहायची. तिच्यातला माणूस माझ्याहून वेगळा, माझ्याशिवाय उभा राहणारा पाहिजे. लोकांना तो खरा वाटला पाहिजे. नाही वाटला तर पेन ठेवून द्यायचं आणि लिहिण्याचं सोंग बंद करायचं. हे मी चिडून ठरवलं, पण ठरवलं म्हणजे ठरवलं. आणि ठरवल्यावर भीती वाटली, कारण पेन ठेवलं तर घरात येणारं ते एक माणूससुद्धा येणार नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारच्या बसला कात्रजच्या स्टॉपवर एक मुलगी चढली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पाठीला बॅग. माझ्या पुढच्या सीटवर बसली आणि फोनवर बोलायला लागली. बोलणं विदर्भाकडचं.

"हो ना आई, जेवली. पोटभर जेवली. वरण केलं होतं, भात केला, भाजी होती... नाही गं, काहून उपाशी राहीन मी? तू आपली गोळी घेतली का?"

फोन ठेवला. बॅगेतून बिस्किटाचा पुडा काढला, त्याच्या तोंडाला केसाला लावायची चिमटी होती. दोन बिस्किटं खाल्ली, चिमटी पुन्हा लावली, पुडा आत. ओठ पुसले. वरणभात झाला.

माझ्या अंगावर काटा आला. मी जन्मभर लावून सांगत आलो, पण इतकं सफाईदार मला कधी जमलं नव्हतं. नुसतं पोटभर जेवले म्हणून ती थांबली नाही. वरण घातलं, भाजी घातली आणि आई पुढं काही विचारायच्या आत आईच्या गोळीवर गेली. मी सीटचा दांडा धरून बसून राहिलो. ती स्वारगेटला उतरली. मी तिच्या मागं गेलो नाही. जाऊन विचारपूस केली असती तर गोष्ट तिथंच संपली असती, आणि या वयात चार लोकांनी मला धरून ठोकलंही असतं.

पण आवाज माझ्याकडं राहिला. बसमध्ये माणूस पुरा मिळत नाही. एकाचा हात मिळतो, एकीचा आवाज, कोणाची नुसती पिशवी धरायची तऱ्हा. ते जमवत बसायचं. आवाजाला आता अंग पाहिजे होतं. ते मिळालं खडकवासल्याला.

तिथं मी धरणाच्या पाण्याजवळ बसायला जातो. रस्त्याच्या कठड्याशी विकणारे असतात, कणसं, भजी, मीठ लावलेले आवळे. त्या दिवशी एक पोटुशी बाई आवळा खात उभी होती. चावला की डोळे घट्ट मिटायची, मग परत चावायची. नवरा पाठ करून फोनवर कोणाला तरी समजावत होता. तिनं एक हात कमरेवर मागं टेकवला होता, आणि दुसऱ्या हातातला अर्धा आवळा नवऱ्याच्या पाठीशी तसाच धरून ठेवला होता, तो वळेल तेव्हा द्यायला. तो वळला नाही. शेवटी तिनंच खाल्ला. मी तो हात उचलला आणि त्या आवाजाला लावला. बसला बरोबर.

मग मला गिरणीतली एक गिऱ्हाईक बाई आठवली, वर्ध्याकडची. हरभऱ्याची डाळ आणायची आणि बजावायची, "पीठ नका करू हो काका. भरडा काढा. गोळे फुटतात मग." कसले गोळे, विचारलं होतं मी. तिनं गोळाभात सांगितला. भरड डाळीचे तिखट गोळे भातात शिजवायचे आणि ताटात वरून कडकडीत फोडणीचं तेल घ्यायचं. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा तिला आईच्या हातचा तोच खायचा होता. इथं स्वतः केला. "झाला तसाच," म्हणाली, "पण आपणच आपल्याला वाढून घ्यायचा म्हणजे डोहाळे कसले."

एवढं जमल्यावर मी त्या जमवलेल्या मुलीला घर दिलं. आमच्या मागच्या गल्लीत एक गुलाबी इमारत आहे, दुसऱ्या मजल्याची खिडकी कायम बंद असते, बाहेर एक रिकामी कुंडी. त्या खिडकीच्या आत तिला बसवली. नवरा रात्रपाळीचा, दिवसा झोपलेला. आई गावाला, वडिलांच्या आजारपणात अडकलेली. मुलीला सातवा लागतो. आई फोनवर रडते, बाई, तुझं डोहाळजेवण कोण करील तिकडं? आणि ती मुलगी आईला सांगते, झालं की. कालच झालं. गल्लीतल्या बायकांनी केलं. हिरवी साडी नेसवली, ओटी भरली, गोळाभात केला होता, पोटभर जेवली. कोण कोण आलं होतं, कोण काय बोललं, सगळं रचून सांगते. आई गावाला हसते. मुलगी फोन ठेवते आणि बिस्किटाचा पुडा उघडते. संपली गोष्ट.

हे लिहिताना मी तीनदा बस बदलून उगाच फिरलो, कारण घरात लिहिलेलं बसमध्ये वाचलं की खोटं कुठं आहे ते दिसतं. नवऱ्याला आधी मी वाईट केला होता. बसमध्ये रात्रपाळीहून परतणारी पोरं बघितली, दांड्याला धरून उभ्याउभ्या झोपलेली, आणि त्याचा वाईटपणा काढून टाकला.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांचा शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम असतो. कोणी यात्रेचं वर्णन वाचतं, कोणी गुडघ्याच्या ऑपरेशनचं, कोणी परदेशातल्या मुलाच्या घरचं. सगळं स्वतःला घडलेलं. तिथं मी माझा कागद घेऊन उभा राहिलो. ही माझ्या मनची गोष्ट आहे, असं आधी सांगावं हे मला सुचलं नाही. कोणी विचारलंही नाही.

माझ्या आधी एका गृहस्थांची काशीयात्रा झाली, तिला टाळ्या पडल्या. मग मी वाचलं. वाचून झालं. टाळी नाही. एकही नाही. पंखा ऐकू येत होता. मी कागदाची घडी घातली आणि खाली बसलो. शेजारी कंडक्टर होता. मी म्हटलं, "काही बोला."

तो चष्मा पुसत होता. म्हणाला, "मला दूध आणायचंय." आणि कार्यक्रम संपायच्या आत उठून गेला.

बायकांच्या बाजूला कुजबुज चालली होती. त्यांच्या मधोमध आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई बसतात. त्या काहीतरी बोलत होत्या आणि बाकीच्या माझ्याकडं वळून बघत होत्या. मी चपला घालायला तिकडं गेलो तर सगळ्या गप्प झाल्या. एवढ्या सगळ्या बायका एकदम गप्प झालेल्या मी गिरणीतसुद्धा कधी बघितल्या नव्हत्या.

समजलो मी. पडली गोष्ट. चांगली साफ पडली, आवाजही झाला नाही. घरी येऊन पेन खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी बसला गेलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पास खिशात होता, पण बघून करायचं काय? हिच्या फोटोकडं पाठ करून बसलो. खालून घरघर येत होती. ती मुलगी आता कुठं गेली असेल, असा एक विचार डोक्यात आला आणि माझाच मला राग आला, कारण ती कुठं जाणार होती?

त्या दिवशी सकाळी उशिरा घंटी वाजली. दारात मुख्याध्यापिका बाई, मागं जिन्यात आणखी चार बायका. बाईंच्या हातात ताट, ताटात हिरवी साडी, नारळ, खण, तांदूळ. मागचीच्या हातात पंच्यात बांधलेलं मोठं पातेलं. सगळ्यांना धाप लागलेली.

"कोणत्या मजल्यावर राहते ती?" बाई म्हणाल्या.

"कोण?"

"अहो, कोण काय? तुमची ती विदर्भातली. दुसरा मजला म्हणून लिहिलंय तुम्ही. आम्ही आत्ता दुसऱ्या मजल्यावरूनच येतोय."

मला कळेना. मी म्हटलं, "तिथं गेला होतात?"

"गेलो म्हणजे? ओटी घेऊन गेलो. एका गृहस्थांनी दार उघडलं, अंगात बनियन. मी म्हटलं, आम्ही डोहाळजेवण करायला आलोय. त्यांनी ताटाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, इथं मी एकटाच राहतो आणि मला दिवस गेलेले नाहीत."

मागची एकजण म्हणाली, "दार पण लावून घेतलं. पुणेरी कुठला."

"तुम्हीही पुण्याच्याच ना," मी म्हटलं.

"विषय बदलू नका," बाई म्हणाल्या. "तिनं आईला सांगितलं ना, गल्लीतल्या बायकांनी केलं म्हणून? गल्लीतल्या बायका म्हणजे कोण? आम्हीच. आमच्या नावावर सांगितलंय तिनं. मग ते करायला नको? शनिवारपासून झोप नाही मला. कुठं राहते सांगा, पातेलं गार होतंय."

मी दाराची चौकट धरली. त्यावेळी मला काय झालं ते मला अजून नीट लिहिता येत नाही. पाच बायकांनी एका मुलीसाठी साडी घेतली होती. एका बसमधून, एका कठड्यावरून आणि एका डाळीच्या डब्यातून मी उचलून आणलेली मुलगी. तिच्यासाठी यांची झोप गेली होती. टाळी वाजली नव्हती ती गोष्ट पडली म्हणून नव्हे. पोर उपाशी असताना टाळ्या कोण वाजवील?

मी मटकन जिन्याच्या पायरीवर बसलो आणि हसायला लागलो. ही गेल्यापासून मी हसलो नव्हतो, त्यामुळे ते विचित्रच आलं, खोकल्यासारखं. पातेलंवाल्या बाई घाबरल्या. म्हणाल्या, "पाणी द्या कोणीतरी यांना."

"बाई," मी म्हटलं, "ती नाहीये."

"नाही म्हणजे? गावाला गेली?"

"नाही म्हणजे नाही. मी केलीय. मनानं."

"मनानं कशी कराल? बिस्किटाच्या पुड्याला चिमटी लावते ती."

"ती चिमटी एका मुलीची. पोट दुसरीचं. गोळाभात तिसरीचा."

"आणि आई?"

"आई फोनच्या पलीकडं होती. मी बघितली नाही."

बाईंनी ताट सावरलं. मग अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आम्हाला फसवलंत."

"वाचून दाखवलं," मी म्हटलं. "साडी घ्या असं म्हणालो नव्हतो."

एकीनं नाक ओढलं. मला वाटलं, आता हे ताट माझ्या डोक्यात बसतंय. तेवढ्यात सगळ्यात मागं उभ्या असलेल्या, कधी फारशा न बोलणाऱ्या बाई म्हणाल्या, "नाहीये ते बरंच झालं की. मी रोज रात्री विचार करत होते, एकटी कशी असेल म्हणून. नसेल तर बरंच आहे ना." आणि डोळ्याला पदर लावला.

त्यावर बाई जरा नरमल्या. ताटाकडं बघितलं. म्हणाल्या, "कोणाच्या तरी नावानं काढलेली ओटी परत डब्यात ओतत नाहीत. नाव काय तिचं?"

"नाव ठेवलं नाही."

"एवढं सगळं केलंत आणि नाव नाही? कमाल आहे. सरका आता. दारात बसू नका."

आणि त्या आत शिरल्या. पाची जणी शिरल्या. मी पायरीवरच. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. हिचं स्वयंपाकघर, तिथं एवढ्यात माझ्या चहाच्या पातेल्याशिवाय काही वाजलेलं नव्हतं. "पाट कुठं आहे?" आतून विचारलं. मी म्हटलं, फडताळाच्या मागं. "रांगोळी?" मी म्हटलं, वरच्या फळीवर, निळ्या डब्यात, असेल तर. होती.

मी उठून आत जायला लागलो तर बाईंनी दारातच अडवलं. "डोहाळजेवणात पुरुष नसतात. गॅलरीत बसा."

"घर माझं आहे."

"मुलगी आमची आहे आता. गॅलरीत."

मी माझ्याच घरात गॅलरीत जाऊन बसलो. खाली बघतो तर कंडक्टर. वर बघून उभा होता. हाक मारली तर आला, माझ्या शेजारी बसला. मी म्हटलं, "त्या दिवशी दूध मिळालं का?"

"दूध कुठलं," तो म्हणाला. "त्या इमारतीखाली जाऊन उभा होतो. खिडकी बंद होती."

एवढंच बोलला. त्यानं माझ्या आधीच्या तीन गोष्टी पाडल्या होत्या. मी त्याला काही म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. पण मी पाय लांब करून बसलो, एवढं खरं.

आतून मधूनमधून प्रश्न येत होते. "अहो, तिला तिखट चालतं का फार?" चालतं. "नवरा बरा आहे ना तिचा? तुम्ही काही वाईट लिहिलं नाहीत त्याच्याबद्दल." बरा आहे, दमलेला आहे. "आणि वडील वाचतील का?" वडिलांचा मी विचारच केला नव्हता. मग म्हटलं, वाचतील. ते वाक्य मी गॅलरीतून ओरडून म्हटलं आणि आतल्या बायकांनी ते तसंच घेतलं, जसं दळणाचं माप घेतात, शंका न घेता.

आम्हाला आत बोलावलं तेव्हा पाट मांडलेला होता. भोवती रांगोळी, पाटावर घडी घातलेली हिरवी साडी, तिच्यावर नारळ आणि तांदूळ. समोर भरलेलं ताट. पाटावर कोणी नाही. ओटी भरणाऱ्यांत दोघी माझ्यासारख्याच, जोडीदार गेलेल्या. पूर्वीच्या बायकांनी त्यांना ओटीला हात लावू दिला नसता. यांनी तो विषयच काढला नाही.

रिकाम्या पाटाकडं मी बघितलं. अशा पाटापुढं मी या घरात आधी एकदा बसलोय, तेव्हाही ताट भरलेलं होतं आणि जेवणारं कोणी नव्हतं. ते हिचं होतं. पण त्या दिवशी सगळे खाली बघून बसले होते. आज या बायका त्या पाटाशी बोलत होत्या. एक म्हणाली, "सावकाश जेव गं, घाई नाही." दुसरी म्हणाली, "पुड्यातली बिस्किटं बंद कर आता." हसत होत्या, पण नुसती थट्टा नव्हती ती. घरातली एक जागा रिकामी आहे आणि तरी तिथं कोणीतरी आहे, हे मला पहिल्यांदाच पटलं. ही गेल्यापासून लोक मला तेच समजावत होते, तेव्हा नाही पटलं.

मग आम्ही सगळे जेवलो. गोळाभातात साखर होती.

"यात साखर कोणी घातली?" मी म्हटलं.

"चिमूटभर," पातेलंवाल्या बाई म्हणाल्या. "चवीला."

"विदर्भातली बाई ताट भिरकावील."

"तिला विचारा ना मग," त्या म्हणाल्या आणि पाटाकडं हात केला. कंडक्टर हसता हसता ठसकला. त्यानं तीनदा भात घेतला.

शेवटी बाईंनी दोन वाट्या आणल्या, दोन्हींवर झाकण. हे खेळ म्हणून करतात, पोटुशी बाईनं एक वाटी उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वाट्या पाटापुढं ठेवल्या आणि सगळ्या थांबल्या, कारण उचलणार कोण?

"तुम्ही उचला," बाई मला म्हणाल्या. "तिच्या वतीनं."

मी वाट्यांना हात लावला नाही. म्हटलं, "मुलगी होणार तिला."

"उचला तर आधी."

"नको. मुलगी आहे. मार्चमध्ये. आईला यायला जमतं, आणि आई आली की मुलगी तिला खरं काय ते सांगते."

बाईंना राहवेना म्हणून त्यांनी जवळच्या वाटीवरचं झाकण काढलं. पेढा होता. त्या माझ्याकडं बघायला लागल्या. आमच्या भागात नळाला पाणी किती वाजता येतं यावरसुद्धा वाद होतो, आणि या बाईंनी तर जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या होत्या.

"पेढा निघालाय," त्या म्हणाल्या.

"निघू दे. मुलगीच आहे."

बाईंनी बाकीच्यांकडं बघितलं. मग त्यांनी पेढ्याचे दोन तुकडे केले, अर्धा मला दिला, अर्धा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "बरं. मुलगी."